सोनकांबळे सरांचा ताळा

एकपासून नऊपर्यंत आकडे ओळीनं लिहा आणि शेवटी पुन्हा एक लिहा. १२३४५६७८९१. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव. मी चौथी शिकलेली बाई, पण ही संख्या मला झोपेतून उठवून विचारली तरी न अडखळता सांगते. नवऱ्याची पुण्यतिथी एखाद्या वर्षी विसरते. ही विसरत नाही.

ही संख्या सोनकांबळे सरांची. उदगीरच्या एका हायस्कुलात मी शिपाई होते. झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं हे माझं काम. सर गणित शिकवायचे. देगलूरकडच्या एका खेड्यातले. उंच, खांद्यात वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे, त्यामुळं शर्ट कुठलाही असला तरी खिसा पांढरा. सर बौद्ध होते आणि शाळा लिंगायत व्यापाऱ्यांची होती. हे आधीच सांगते. पुढं जे झालं त्यात ह्याचा काही संबंध नव्हता असं म्हणणारे पुष्कळ भेटले. ते खोटं बोलतात.

सरांची मुख्य खोड म्हणजे ताळा. कुठलाही गुणाकार-भागाकार केला की ताळा पाहायचा. म्हणजे संख्येतले आकडे मिळवत जायचे, शेवटी एकच आकडा उरेपर्यंत, आणि दोन्हीकडचे उरलेले आकडे जुळतात का पाहायचं. नवाचा ताळा म्हणतात त्याला. आमच्या वेळी चौथीपर्यंत सगळ्यांना यायचा. पण लोक तो परीक्षेपुरता करतात. सर एसटीच्या तिकिटावरचा नंबर पाहिला तरी त्याचे आकडे मिळवायचे. लग्नाची पत्रिका आली तर आधी तारखेचे. पोरं मोजायची तर पुढच्या बाकापासून एकदा आणि मागच्या बाकापासून एकदा. बाकीचे मास्तर हसायचे. एकदा किल्ल्यावर सहल गेली होती. निघताना पुढून मोजलं तर सगळी पोरं होती, मागून मोजलं तर एक कमी. हेडमास्तर म्हणाले, "चला हो, उगं शंका काढू नका." सर जागचे हलले नाहीत. शेवटी आठवीची एक पोरगी तटाच्या कोपऱ्यात ताप येऊन झोपलेली सापडली. पुढून मोजताना एक वळवळं पोरगं दोनदा मोजलं गेलं होतं. त्या दिवसापासून हेडमास्तर हसायचे बंद झाले. बाकीचे हसतच राहिले.

वर्गात सरांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "ज्याचा ताळा पाहिला नाही, ते बोलायचं नाही."

आणि मग दुष्काळाच्या वर्षी त्यांनी स्वतःच ते मोडलं.

त्या वर्षी शाळेच्या हौदात टँकरचं पाणी पडायचं. ते पिण्यापुरतंच. फळा ओल्या फडक्यानं पुसायचा नाही असा हुकूम होता, म्हणून सगळ्या शाळेत खडूची भुकटी उडायची आणि मी दिवसभर खोकायची. निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. बाकीची, शाळेत दुष्काळाची सुकडी खायला मिळते म्हणून यायची. सर त्यांनाही पूर्ण तास शिकवायचे.

एक दिवस सरांनी फळ्यावर एकपासून नऊपर्यंत आकडे लिहिले. "ही संख्या तिनानं जाते का?" पोरांनी आकडे मिळवले, पंचेचाळीस आले. जाते. नवानंही जाते. मग सरांनी शेवटी एक लिहिला. "आता?" पोरं लागली भागायला. दोननं नाही, तिनानं नाही, सातानं चार उरतात, तेरानं अकरा उरतात. सर खूश होऊन बघत होते.

तेवढ्यात अप्पा आले. अप्पा म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. डाळमिल होती त्यांची, गावात वजन होतं आणि जिभेला लगाम नव्हता. ते हौदातलं पाणी बघायला आले होते, वर्गाच्या दारात थांबले.

"काय सर, काय चाललंय?"

"ही संख्या कशानंच जात नाही अप्पा. मूळ संख्या आहे."

"कशानंच म्हंजे? सगळ्या दुनियेत हिला भागणारा कुणी न्हाई?"

"नाही."

"तुमी सगळ्यानं भागून पाह्यलं?"

अप्पा पोरांकडं बघून हसले. "सरकारनं खुर्ची दिली की न्हाई म्हणाया काय लागतंय! आमच्या दुकानात असं बोलून चालत न्हाई बाबा."

पोरं हसली. सरकारनं दिलेली खुर्ची म्हणजे काय, हे तिथल्या पाचवीच्या पोरालाही कळत होतं. मी दारात झाडू घेऊन उभी होते. सरांचा चेहरा काळा-निळा झाला.

"अप्पा, ही संख्या कुणी भागून दाखवली तर मी गणित शिकवणं सोडीन."

"बघा बरं," अप्पा म्हणाले. "आमचा विश्वनाथ हाय नांदेडला कॉलेजात. गणितातच हाय. त्याला बी नोकरी लागंल मग."

अप्पांनी ते हसत सांगितलं होतं, पण त्यात थट्टा थोडीच होती.

मधल्या सुट्टीत सर व्हरांड्यात भाकरी घेऊन बसले. भाकरी तशीच. मला म्हणाले, "अनुसाबाई, मी आज बिनताळ्याचं बोललो."

"मग ती संख्या भागली जाती का?"

"मला वाटतं नाही. पण वाटणं म्हणजे ताळा नव्हे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती संख्या भागायला घेतली.

मी विचारलं, कुठवर भागणार? एवढी मोठी संख्या, कोटीपर्यंत भागत बसणार का? त्यांनी मला समजावलं ते असं. दोन संख्यांचा गुणाकार करून ही संख्या येत असेल, तर त्या दोन्ही संख्या मोठ्या असू शकत नाहीत. दोन्ही मोठ्या असल्या तर गुणाकार ह्याच्या पुढं जाईल. म्हणजे एक तरी पस्तीस हजार एकशे छत्तीसच्या आत असणारच. तेवढ्यापर्यंत पाहिलं की झालं. आणि तिथंही सगळ्यानं भागायचं नाही, फक्त ज्या संख्या स्वतः फुटत नाहीत त्यांनीच. एकतीसनं जात नसेल तर बासष्टानं कशाला पाहायचं? मला पटलं.

"तरी किती होत्यात?"

"साडेतीन हजारांच्या वर."

"अरे देवा!"

"देव यात काही करत नाही, बाई."

व्हरांड्याच्या टोकाला एक जुना फळा टांगलेला होता. सर शाळा भरायच्या आधी येऊन त्यावर एक भागाकार करायचे, नवाचा ताळा पाहायचे, आणि मग सगळं पुसून कोपऱ्यात फक्त त्या दिवशीचा भाजक लिहून ठेवायचे. खाली 'पुसू नये'. रोज एकच. मी म्हणायची, चार-चार करा, लवकर सुटाल. ते म्हणायचे, "एकापेक्षा जास्त केले की हात सवयीनं चालतो आणि डोकं झोपतं."

मला झाडायचं असायचं. "सर, झाडू का?"

"थांबा. ताळा राहिलाय."

रोज हेच.

गावाला ही गंमत कळली. धान्याच्या मोंढ्यातले मुनीम दुपारी बसून संख्या भागायला लागले. दुष्काळात आडतीवर माल नव्हता, वेळ रग्गड होता. कुणीतरी धावत यायचं, "सर, एकोणीसानं गेला!" सर म्हणायचे, "दाखवा." दरवेळी काहीतरी उरायचंच. पण दरवेळी, तो माणूस फळ्यावर मांडत असताना, सरांच्या कपाळावर घाम यायचा. ते मीच पाहायची, कारण मी बाजूला उभी असायची. बाकीचे फळ्याकडं बघायचे.

उन्हाळा तापला तेव्हा विश्वनाथ नांदेडहून आला. गोरा, चष्मा, बोलायला नम्र. वाईट पोरगा नव्हता. अप्पांनी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या मास्तरांना बोलावलं, मोंढ्यातली चार माणसं बोलावली. मला पाणी ठेवायला सांगितलं.

विश्वनाथनं फळ्यावर लिहिलं. वर सरांची संख्या. भाजक अकराशे सत्तेचाळीस. भागाकार दहा लाख शहात्तर हजार तीनशे त्रेपन्न. बाकी शून्य.

सर पुढच्या खुर्चीत होते. म्हणाले, "अकराशे सत्तेचाळीस म्हणजे एकतीस गुणिले सदतीस."

"हो सर," विश्वनाथ म्हणाला.

"एकतीसनं ती जात नाही. एकवीस उरतात. सदतीसनंही जात नाही. मग दोघांच्या गुणाकारानं कशी जाईल?"

"ते मला ठाऊक न्हाई सर. इथं तर गेलीय."

अप्पा मागून म्हणाले, "सर, तुमचंच औषध तुमाला. ताळा पाहा की!"

सर उठले. भाजकाचे आकडे मिळवले, चार. भागाकाराचे मिळवले, सात. चार साती अठ्ठावीस, दोन आणि आठ दहा, एक. त्यांच्या संख्येचे आकडे मिळवले. एक.

"जुळतोय का न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"जुळतोय," सर म्हणाले.

मोंढ्यातल्या एकानं टाळी वाजवली. सर फळ्यासमोर तसेच उभे. मला वाटलं आता हा माणूस पडतो. माझ्या हातात तांब्या होता, तो मी खाली ठेवला.

मग त्यांनी खडू घेतला आणि विश्वनाथचा गुणाकार पूर्ण, एकेक ओळ, करायला सुरुवात केली. हॉलमध्ये खडूचा आवाज तेवढा. शेवटची बेरीज झाली. १२३४५७६८९१. त्यांनी ती वरच्या संख्येच्या बरोबर खाली लिहिली आणि बाजूला झाले.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग विश्वनाथच म्हणाला, "सहा-सात." वर सहा आधी होता, खाली सात आधी. त्यानं घरी संख्या कागदावर उतरवताना दोन शेजारचे आकडे अदलाबदल केले होते, आणि त्या चुकीच्या संख्येला बरोबर भागलं होतं.

"अय्यय्यो!" अप्पा म्हणाले आणि खो खो हसले. माणूस हिशेबी, पण हार लपवणारा नव्हता. "जिंकलात बाबा सर! विश्या, तुझ्या कॉलेजला टाळं लाव."

सगळे हसायला लागले. विश्वनाथही ओशाळून हसला. सर हसले नाहीत. ते फळ्याकडंच बघत होते.

"ताळा जुळला होता," ते म्हणाले.

"जाऊ द्या की आता."

"आकडे उलटे पडले तर नवाच्या ताळ्याला कळत नाही. हे मला माहीत होतं. पोरांना सांगतही होतो. आणि आतापर्यंत व्हरांड्यात जेवढे भागाकार केले ते सगळे मी नवाच्याच ताळ्यावर सोडले. त्यातल्या एकात जरी असे दोन आकडे उलटले असतील, तर मला कळलेलं नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे ही संख्या कशानंच जात नाही, हे मी तुमच्यासमोर बोललो ते सिद्ध नाही. सिद्ध होईपर्यंत मी गणिताचा तास घेणार नाही."

हेडमास्तर उठून म्हणाले, "अहो सर, अट अशी नव्हती. कुणी भागून दाखवलं तर, अशी अट होती."

"अट तुमच्यासाठी होती," सर म्हणाले.

मी शाळेत कुणासमोर तोंड उघडत नसे. पण संध्याकाळी सर सायकलचं कुलूप काढत होते तेव्हा मी बोलले. "सर, तुमी येडे हाव. अप्पा गप बसला होता. तुमी आपल्या हातानं त्याच्या पोराला तास दिला."

"हो," सर म्हणाले. "तुमच्या बोलण्याचा ताळा जुळतो."

जूनपासून विश्वनाथ गणित शिकवायला लागला. सरांना हिंदी आणि चित्रकला दिली. त्यांना चित्रकलेतलं काही येत नव्हतं. पोरांकडून गोल आणि चौकोन काढून घ्यायचे. शेजारच्या वर्गात गणिताचा तास चालू असला की ते भिंतीला टेकून उभे राहायचे. विश्वनाथची चूक झाली तरी कधी बोलले नाहीत. विश्वनाथच नंतर येऊन विचारायचा. म्हणायचा, "सर, तुम्ही या की वर्गावर." ते म्हणायचे, "माझं काम संपलेलं नाही."

व्हरांड्यातल्या फळ्यावर त्यांनी पुन्हा सातापासून सुरुवात केली. आता दोन ताळे, नवाचा आणि अकराचा. अकराच्या ताळ्यात आकडे एक आड एक मिळवायचे आणि वजा करायचे असतात. तो शेजारचे उलटे आकडे पकडतो. रोज एक, सुट्टीच्या दिवशी दोन. सरांच्या नोकरीची नऊ-दहा वर्षं राहिली होती आणि कामही बरोबर तेवढंच होतं. ते मलाही कळत होतं. मध्ये कावीळ झाली, काही महिने गेले. मग डोळ्यांत मोतीबिंदू. नांदेडला जाऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून आले, दुसरा तसाच राहिला. फळ्याच्या कोपऱ्यातला भाजक पाच आकडी झाला होता, पण निवृत्ती त्याच्यापेक्षा जास्त वेगानं जवळ येत होती.

शेवटच्या वर्षी त्यांनी 'रोज एक' हा नियम मोडला. तीन-तीन, चार-चार करायला लागले आणि प्रत्येक वेळी स्वतःवर चिडायचे. फळा नीट दिसायचा नाही, म्हणून ते तोंडानं सांगायचे आणि मी लिहायची. पंचवीस म्हणायचे नाहीत, 'दोन, पाच' म्हणायचे. एका सकाळी दोन्ही ताळे चुकले. पुन्हा केले, पुन्हा चुकले.

"पहिली ओळ वाचा."

मी वाचली.

"शेवटी नऊ? मला एक दिसतोय."

माझा नऊ त्यांना एकासारखा दिसला होता. त्यांनी पाठ वळवली आणि खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "अनुसाबाई, तुमच्या नऊला पोट काढा जरा." त्या दिवसापासून माझा नऊ गरोदर बाईसारखा येतो, अजून.

त्या पावसाळ्यात आमचा जिल्हा फुटला. उस्मानाबाद मागं राहिलं आणि लातूर नवा जिल्हा झाला. गावात गुलाल, फटाके. मोंढ्यातून मिरवणूक निघाली. अप्पा म्हातारे झाले होते, काठी टेकत शाळेत पेढे घेऊन आले. सर फळ्यासमोर आणि मी खडू घेऊन.

"सर, सरकारनं जिल्हा भागला. तुमची संख्या काय भागंना."

"भागली नाही हे सांगायला अजून थोडे राहिलेत, अप्पा."

अप्पा खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आता सोडा. मी त्या दिवशी खुर्चीचं बोललो. मला आठवतंय. घ्या तुमचा तास, मी हेडमास्तरांना सांगतो."

सर थांबले. मला वाटलं, आता हो म्हणतील.

"तुम्ही बोललात ते तुमचं," सर म्हणाले. "मी बोललो ते माझं. बाई, लिहा. तीन, चार, आठ..."

अप्पा पेढ्यांचा पुडा खिडकीत ठेवून गेले.

निवृत्तीच्या दिवशी सर नेहमीपेक्षा लवकर आले. एकच भाजक राहिला होता. पस्तीस हजार एकशे एकोणतीस. भागाकार आला पस्तीस हजार एकशे त्रेचाळीस. उरले एकोणतीस हजार चारशे चव्वेचाळीस. नवाचा ताळा जुळला, अकराचा जुळला. सर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा केला. तेच उरले.

शाळा भरायची वेळ झाली होती. मी घंटेकडं जायला निघाले तर सर म्हणाले, "आठवीला पहिला तास कशाचा आहे?"

"गणिताचा. विश्वनाथ सरांचा."

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला.

मी घंटा दिली आणि आठवीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथं माझं काही काम नव्हतं. सर दारात आले तेव्हा विश्वनाथ हजेरी घेत होता. त्यानं सरांच्या हातातला खडू पाहिला, हजेरी मिटली आणि मागच्या बाकावर पोरांत जाऊन बसला. सर फळ्यापाशी गेले. पोरांना ते चित्रकलेचे सर म्हणून माहीत. सरांनी ती संख्या लिहिली, अंतर ठेवून, मोठ्या अक्षरात. मग वळून म्हणाले, "मागच्या तासाला आपण कुठपर्यंत आलो होतो?"

पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. मागून विश्वनाथ उभा राहिला. अप्पांनी दारात येऊन अडवलेला तो तास सगळ्या गावाला पाठ होता.

"तेरानं अकरा उरतात, इथपर्यंत, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "पुढं."

तास संपायची वेळ झाली तेव्हा मी घंटा दिली. एक मिनिटही वाढवून दिलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

दुपारी हार-नारळ झाला, भाषणं झाली. अप्पा बोलायला उभे राहिले आणि खोकत खाली बसले. सर सायकल घ्यायला व्हरांड्यातून निघाले, टोकाच्या फळ्यापाशी थांबले. कोपऱ्यातला भाजक त्यांनी स्वतः पुसला. खालचं 'पुसू नये' तेही पुसलं. हात झटकले.

"अनुसाबाई," ते म्हणाले, "आता झाडा."

ते गेल्यावर मी व्हरांडा झाडून घेतला. भुकटी पुष्कळ होती.